मुंबई ते न्यू यॉर्क: विमानाचं अंतर, लागणारा वेळ आणि तिकिटावरचं गणित

“विमान किती तासांचं आहे?” पहिल्यांदा अमेरिकेला निघालेल्या घरात हा प्रश्न चौघांना विचारा, चार उत्तरं मिळतील. तिकीट हातात असलेला म्हणतो, रात्री एकला सुटतं आणि सकाळी सव्वासहाला पोचतं, म्हणजे सव्वापाच तास. तिकडचा मुलगा फोनवरून सांगतो, पावणेसोळा तास. दुबईमार्गे जाऊन आलेले शेजारचे काका एकवीस तासांवर ठाम असतात. सोडायला आणि घ्यायला जाणारे तर सव्वा दिवस धरूनच चालतात. यातलं फक्त पहिलं उत्तर चुकीचं आहे. बाकीचे तिघं बरोबर बोलतायत, पण प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय.

कुठल्याही दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर आणि वेळ स्वतः कशी काढायची, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणाला मुंबई–न्यू यॉर्क घेतलंय, कारण महाराष्ट्रातून पहिल्यांदा परदेशी निघालेल्या आई-बाबांपैकी बरेच जण याच वाटेने जातात, आणि या एका मार्गात सगळ्या भानगडी एकत्र सापडतात.

आधी विमानतळ नक्की करा, शहर नव्हे

तिकिटावर प्रत्येक विमानतळाचा तीन अक्षरी कोड असतो. मुंबईचा कोड बीओएम, तो जुन्या ‘बॉम्बे’वरून आलेला. आता मुंबईच्या नावाने दोन विमानतळ आहेत. सहारचं छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणं सुरू झालेलं नवी मुंबई, कोड एनएमआय. नागपूरहून मुंबईला विमानाने येऊन पुढे अमेरिकेचं विमान धरणार असाल तर पहिलं विमान नेमकं कुठे उतरतंय ते बघा. नवी मुंबईत उतरून सहारला जायचं म्हणजे मधे अख्खी खाडी आणि मुंबईचं ट्रॅफिक. गोव्यातही तोच प्रकार. दाबोळी आणि मोपा ही दोन टोकं आहेत आणि दोघांचे कोड वेगळे.

सहारलाच उतरलात तरी टर्मिनल बघायचं. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारच्या बाजूला. दोन्हींमध्ये चालत जायची सोय नाही.

न्यू यॉर्कला तीन विमानतळ आहेत. जेएफके आणि लाग्वार्डिया शहरात, क्वीन्स भागात. तिसरा नेवार्क (कोड ईडब्ल्यूआर), तो नदीपलीकडे न्यू जर्सीत. भारतातून येणारी विमानं जेएफके किंवा नेवार्कला उतरतात. मुंबईपासून दोन्हींचं हवाई अंतर जवळपास सारखंच आहे, पण जमिनीवर हे दोन विमानतळ म्हणजे दोन वेगळी गावं समजा. मुलगी एडिसनला किंवा जर्सी सिटीला राहत असेल तर नेवार्क तिच्या दारात आहे. जेएफकेहून तिच्या घरी जाताना न्यू यॉर्क शहराला वळसा घालायचा किंवा त्यातून वाट काढायची. तिकीट थोडं महाग पडलं तरी अशा वेळी मी नेवार्कच घेईन.

अंतर: नकाशा बाजूला ठेवा, पृथ्वीगोल घ्या

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यू यॉर्क पट्टीने जोडली तर रेषा अरबस्तान, इजिप्त, सहाराचं वाळवंट आणि अटलांटिक महासागर असा प्रवास करते. त्या रेषेवरून खरंच उडालं तर सुमारे १४,२०० किलोमीटर होतात. आता पृथ्वीगोलावर एक दोरा दोन्ही शहरांवर धरून ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान, रशियातलं सेंट पीटर्सबर्ग, मग उत्तर युरोप, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळचा समुद्र आणि कॅनडावरून खाली न्यू यॉर्क. हा रस्ता भरतो सुमारे १२,५५० किलोमीटर. सपाट नकाशावर लांबलचक कमान दिसणारा हा रस्ता त्या ‘सरळ’ रेषेपेक्षा साडेसोळाशे किलोमीटरने जवळचा आहे.

गोलावरच्या या सर्वांत जवळच्या रेषेला बृहद्वृत्त म्हणतात, इंग्रजीतून आलेलं नाव ग्रेट सर्कल. इंटरनेटवर दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून जे आकडे मिळतात ते हेच असतात. ग्रेट सर्कल मॅपर नावाच्या संकेतस्थळावर दोन कोड टाकले की अंतर आणि रेषा दोन्ही दिसतात. हिशोब कसा होतो याची उत्सुकता असेल तर तो इतकाच आहे: पृथ्वीच्या केंद्रापासून पाहिलं तर मुंबई आणि न्यू यॉर्क यांच्यात सुमारे ११२.७ अंशांचा कोन आहे, आणि पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की १२,५३० च्या आसपास उत्तर येतं. काही ठिकाणी १२,५३०, काही ठिकाणी १२,५५० दिसलं तर गोंधळू नका. पृथ्वी पूर्ण गोल धरली की एक आकडा येतो, ध्रुवांकडे किंचित चपटी धरली की दुसरा.

गोंधळ खरा होतो तो एककांचा. हेच अंतर ७,८०० मैल आहे आणि ६,७७५ सागरी मैलही आहे. वैमानिक सागरी मैलात बोलतात (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर), अमेरिकन संकेतस्थळं साध्या मैलात. आकड्यापुढचं एकक न वाचता तुलना केली की एकच मार्ग एका ठिकाणी निम्मा वाटतो.

अंतरावरून वेळ: एक ठोकताळा

मोठी प्रवासी विमानं ३५ ते ४० हजार फुटांवर साधारण ताशी ९०० किलोमीटर वेगाने जातात. पण चढायला, उतरायला, धावपट्टीपर्यंत सरकत जायला वेळ जातो. म्हणून माझा ठोकताळा असा: किलोमीटरला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, म्हणजे साडेआठ अधिक अर्धा, नऊ तास. मुंबई–न्यू यॉर्क पावणेपंधरा अधिक अर्धा, सव्वापंधरा तास. मुंबई–दिल्लीसारख्या जवळच्या मार्गाला तो कमी पडतो, कारण तिथे हवेत कमी आणि जमिनीवर रांगेत जास्त वेळ जातो.

हे उत्तर सरासरीचं आहे. प्रत्यक्षात मुंबईहून न्यू यॉर्कला जाताना साडेपंधरा ते सोळा तास, कधी त्याहून जास्तही लागतात, आणि येताना साधारण चौदा ते साडेचौदा. अंतर तेच, विमान तेच, मग जाताना दीड तास जास्त का?

“पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून” हे उत्तर मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय. ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. तसं नसतं तर हेलिकॉप्टर पुण्यात उभ्या उभ्या वर नेऊन ठेवलं की थोड्या वेळाने खाली अरबी समुद्र आला असता. खरं कारण वारा आहे. विमानं ज्या उंचीवर उडतात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, आणि हिवाळ्यात ते आणखी जोर धरतात. पूर्वेकडे येताना हा वारा पाठीशी असतो, पश्चिमेकडे जाताना तोंडावर. सीटसमोरच्या पडद्यावर जमिनीच्या तुलनेतला वेग दिसतो तो जरूर बघा. येताना हजारच्या पुढे गेलेला दिसेल, जाताना आठशेच्या घरात रेंगाळलेला.

वारा किती महत्त्वाचा, याचं सगळ्यात देखणं उदाहरण एअर इंडियाचं आहे. त्यांचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिक ओलांडून जायचं. ऑक्टोबर २०१६ पासून ते उलट्या बाजूने, पूर्वेकडे प्रशांत महासागरावरून नेलं. रस्ता वाढून सुमारे १५,३०० किलोमीटरचा झाला, आधीपेक्षा हजाराहून अधिक किलोमीटर लांब. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचायला लागलं, म्हणजे आधीपेक्षा लवकर. त्यामुळे दोन मार्गांची तुलना करताना किलोमीटर कमी म्हणून वेळ कमी, असं धरून चालू नका.

बंद आकाश

ताणलेला दोरा पाकिस्तान आणि रशिया या दोन्हींवरून गेला होता, ते लक्षात असेल. इथे आजच्या वेळापत्रकाची खरी मेख आहे. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि ती मुदत पुढे वाढवत नेली. म्हणजे एका गटाला वाटेतला एक तुकडा वर्ज्य, दुसऱ्या गटाला दुसरा. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांच्या वेळेत तासाभराचा फरक पडला तर त्यात नवल नाही. भारतीय कंपनीचं मुंबईहून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून आखाताच्या दिशेने जाऊन मग उत्तरेला वळतं. दिल्लीला हा वळसा जास्त पडतो, इतका की २०२५ मध्ये एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावं लागलं. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचं आकाश असंच बंद होतं.

म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी कुणाला किती वेळ लागला होता, हे आज उपयोगाचं नाही. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवडाभरात तेच विमान प्रत्यक्षात किती वाजता सुटलं, किती वाजता टेकलं ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. छापील वेळ हे कंपनीचं आश्वासन, आणि त्यात थोडी ढील मुद्दाम ठेवलेली असते. शिवाय छापील वेळ म्हणजे एका गेटवरून सुटून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा वेळ.

तिकीट वाचायचं कसं

आता ते सव्वापाच तास. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. सुटण्याची वेळ मुंबईची, पोचण्याची न्यू यॉर्कची. न्यू यॉर्क आपल्या मागे आहे, हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. हा एका तासाचा फरक पडतो कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपण काहीच बदलत नाही.

समजा विमान १० जानेवारीला रात्री ०१:०० ला मुंबईहून सुटतं आणि प्रवास १५ तास ४५ मिनिटांचा आहे. घड्याळ मुंबईचंच धरून चाला: ०१:०० मध्ये १५:४५ मिळवले की दुपारचे १६:४५. आता साडेदहा तास वजा करा. सकाळचे ०६:१५, तारीख तीच १० जानेवारी. परतीचं विमान २० जानेवारीला दुपारी १२:०० ला सुटतं, प्रवास १४ तास १५ मिनिटांचा. न्यू यॉर्कच्या घड्याळात ते पोचतं २१ तारखेच्या ०२:१५ ला. त्यात साडेदहा तास मिळवले की मुंबईत २१ तारखेची दुपार, १२:४५. जाताना कागदावर सव्वापाच तास आणि येताना पावणेपंचवीस.

यातून एक सोपी युक्ती निघते, आणि ती वेळेचा फरक माहीत नसला तरी चालते. जाण्याचे कागदावरचे तास आणि येण्याचे कागदावरचे तास यांची बेरीज करा. सव्वापाच अधिक पावणेपंचवीस, तीस तास. एका बाजूला वजा झालेला फरक दुसऱ्या बाजूला अधिक होतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे ही बेरीज म्हणजे दोन्ही प्रवासांचा खरा एकूण वेळ. निम्मे केले की सरासरी पंधरा तास. फक्त जाण्या-येण्याच्या मधे अमेरिकेतलं घड्याळ बदलणार असेल तर एक तासाची दुरुस्ती करावी लागेल. आई-बाबा सहसा पाच-सहा महिने राहतात, तेव्हा ही शक्यता चांगलीच असते.

पोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असं बारीक अक्षरात छापलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी पोचणार, असा त्याचा अर्थ. ‘+२’सुद्धा दिसतं. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला तारीख कळवताना हे बारीक अक्षर वाचूनच कळवा.

आणि आता सगळ्यात घातक जागा. मुंबईहून अमेरिका-युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१० जानेवारी, ०१:००’ असं लिहिलेलं असतं आणि घरात सगळे दहा तारखेच्या रात्रीची तयारी करतात. ते विमान नऊ तारखेच्या रात्री जेवण आटोपून गाठायचं असतं. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे रात्रीचा एक हा आपल्या मनात आदल्या दिवसाचाच भाग असतो. तिकीट मात्र मध्यरात्रीच्या ठोक्याला तारीख बदलून मोकळं होतं. यावर उपाय एकच: फ्रिजवर लावायच्या कागदावर विमानाची तारीख लिहूच नका. ‘शुक्रवारी, ९ तारखेला, दुपारी चारला घरातून निघायचं’ असं लिहा.

मधे थांबायचं की नाही

नॉनस्टॉप म्हणजे कुठेही न उतरणारं. डायरेक्ट म्हणजे एकच विमान क्रमांक, पण वाटेत ते उतरूही शकतं. एजंट हे दोन शब्द सर्रास अदलाबदल करून वापरतात, तेव्हा थेट विचारा: “मधे कुठे उतरणार का?”

मधे थांबा घेतला की अंतर खूप वाढतं असं वाटतं, पण आकडे वेगळं सांगतात. लंडनमार्गे मुंबई–न्यू यॉर्क सुमारे १२,७५० किलोमीटर होतं, म्हणजे थेट मार्गापेक्षा जेमतेम दोनशेने जास्त. दुबईमार्गे सुमारे १२,९५०. ही गावं जवळपास वाटेवरच आहेत. याउलट सिंगापूरमार्गे गेलात तर १९ हजारांच्या पुढे जाल. सिंगापूर–न्यू यॉर्क हा टप्पा एकटाच १५,३०० किलोमीटरचा, जगातल्या सर्वांत लांब नियमित प्रवासी उड्डाणांपैकी एक. कधीकधी स्वस्त तिकीट असंच उलट्या दिशेने फिरवून नेतं. थांबा कुठे आहे हे पृथ्वीगोलावर एकदा बघितलं तरी असली तिकिटं ओळखू येतात.

वाटेवरचा थांबा वाढवतो तो वेळ. दुबईला सव्वातीन तास, पुढे चौदा-साडेचौदा, आणि मधला थांबा तीनचा धरला तर वीस-एकवीस. काकांचा आकडा इथून आला. थांबा दीड तासाचा दिसला तर मोहात पडू नका. पहिलं विमान पाऊण तास उशिरा आलं की दुसरं हुकलं. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना गेटजवळ कधीकधी जादा तपासणीही असते. पहिल्यांदा जाणाऱ्याने तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नये, पाचपेक्षा जास्तही नको.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असायला हवेत. मग पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची व्यवस्था कंपनीने करायची असते, आणि सामानही सहसा मुंबईतच शेवटपर्यंतचं टॅग लावून जातं. दोन वेगळी तिकिटं काढून वाचवलेले पैसे, दुसरं विमान चुकलं की एका झटक्यात जातात. युरोपात थांबा असेल तर तुमच्या पासपोर्टला तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर तिकीट काढण्याआधी बघा. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

अमेरिकेत पुढे जायचं असेल, म्हणजे न्यू यॉर्कहून डॅलस वगैरे, तर आणखी एक नियम आहे. अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, तिथेच सामान पट्ट्यावरून उतरवून कस्टम्समधून न्यायचं आणि पुन्हा पुढच्या विमानासाठी द्यायचं. टॅग डॅलसचा असला तरी हे करावं लागतं. यालाही तीन तास धरा. अबुधाबीला मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि तुम्ही अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. ज्यांना उतरल्यावरची रांग नको, त्यांना हा पर्याय आवडतो.

माझं मत विचाराल तर, साठी ओलांडलेल्या आणि पहिल्यांदाच निघालेल्या जोडप्याला नॉनस्टॉप मिळत असेल आणि परवडत असेल तर तेच घ्यावं. सोळा तास एका जागी बसणं कंटाळवाणं आहे, गुडघे बोलायला लागतात, पण परक्या विमानतळावर पहाटे तीनला गेट शोधत फिरण्यापेक्षा ते बरं. ज्यांना कंबरेचा त्रास आहे किंवा सोळा तास बसणं डॉक्टरांनाच पसंत नाही, त्यांनी मात्र थांबा घ्यावा आणि तो लांबट घ्यावा.

घर ते घर

आता सव्वा दिवसवाल्यांचा हिशोब. तो उलटा करायचा असतो, विमानाच्या वेळेपासून मागे. आपलं विमान १० तारखेच्या ०१:०० चं. काउंटर सुटण्याच्या वेळेआधी तासभर, कधी सव्वा तास आधी बंद होतो. त्याआधी सामान देणं, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी. म्हणून टर्मिनल २ ला रात्री नऊला पोचायचं. पुण्यात कोथरूडहून सहारला साडेतीन-चार तास लागतात आणि एक तास हातचा ठेवायचा, म्हणजे दुपारी चारला दार लावायचं. पावसाळ्यात आणि जोडून आलेल्या सुट्ट्या संपताना आणखी तासभर आधी निघा. रविवारी संध्याकाळी सगळं पुणं आणि लोणावळा मुंबईकडे परतत असतं, आणि बोरघाटात एक कंटेनर आडवा झाला की त्याला कुठलंही वेळापत्रक लागू होत नाही.

नऊ तारखेच्या दुपारी चारपासून विमान उतरेपर्यंत, म्हणजे मुंबईच्या घड्याळात दहाच्या १६:४५ पर्यंत, पावणेपंचवीस तास होतात. इमिग्रेशन आणि सामानाला दीड-दोन तास. मग सकाळच्या ट्रॅफिकमधून एडिसनला तास-दीड तास. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस तास, जवळजवळ सव्वा दिवस, त्यातले विमानात फक्त पावणेसोळा तास. म्हणून घ्यायला येणाऱ्याने विमान टेकण्याच्या वेळेला बाहेर उभं राहायची गरज नसते. टेकल्यावर तासाभराने पोचलं तरी पुष्कळ.

कस्टम्सचा वेळ तुमच्या हातात आहे. ताजी फळं, आंबे, कढीपत्ता, मांसाचे पदार्थ नेऊ नका. खाण्याचं जे काही बरोबर असेल ते विचारल्यावर सरळ सांगा. लोणच्याची आणि मसाल्याची पाकिटं दाखवून पाच मिनिटांत सुटतात, लपवलेला एक आंबा मात्र तासभर खातो, शिवाय दंडही होऊ शकतो.

निघण्याआधीच्या आठवड्यात

व्हीलचेअर हवी असेल तर कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा. चालता येतं पण लांब चालवत नाही, रांगेत उभं राहवत नाही, अशांनीही ती मागायला संकोच करू नये. टर्मिनल २ मधली किंवा जेएफकेची चाल फर्लांगभर नसते, चांगली लांब असते.

रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. पण कधी घ्यायच्या? ‘सकाळची गोळी’ म्हणजे कुठली सकाळ, हा प्रश्न इथे खराखुरा आहे. मुंबईत सकाळी आठला घेतलेल्या गोळीनंतर न्यू यॉर्कची सकाळचे आठ ही वेळ चोवीस नव्हे, साडेचौतीस तासांनी येते. रक्तदाब आणि विशेषतः मधुमेहाची औषधं असतील, इन्सुलिन असेल, तर डॉक्टरांना तिकीट दाखवून प्रवासाच्या दोन दिवसांचं वेळापत्रक लिहून घ्या. स्वतःच अंदाज बांधू नका.

विमानात बसलात की घड्याळ न्यू यॉर्कचं करा आणि एक मुंबईचं मनात ठेवा. मधूनमधून उठून चाला, पाणी प्या. झोपेची घडी बसायला साधारण आठवडा लागतो, आणि बहुतेकांना जाताना होतो त्यापेक्षा परतल्यावर जास्त त्रास होतो, कारण पूर्वेकडे येताना दिवस आखडतो. म्हणून परतीचं तिकीट काढताना नोकरी करणाऱ्यांनी एवढं बघावं: न्यू यॉर्कहून शनिवारी दुपारी निघालेलं विमान मुंबईत रविवारी दुपारी उतरतं. घरी पुण्याला पोचायला रात्र होते आणि सोमवारी सकाळी ऑफिस असतं. शुक्रवारचं विमान घ्या.